अंग बाहेर येण्यावरील शस्त्रक्रियेनंतर लघवीच्या तक्रारी का उद्भवतात?

बाळंतपणे, वाढते वय, जुनाट खोकला किंवा ओझी वाहण्याचे कष्ट यांमुळे ओटीपोटाच्या तळाचा आधार सैल होतो आणि गर्भाशय किंवा मूत्राशय योनीमार्गात खाली उतरते. बोलीभाषेत यालाच अंग बाहेर येणे म्हणतात. शस्त्रक्रियेने हे अवयव जागेवर बसविता येतात. मात्र त्यानंतर खोकताना, शिंकताना लघवी सुटू लागली, की शस्त्रक्रिया फसली असे रुग्ण आणि कुटुंबीय धरून चालतात. हा समज पुष्कळदा चुकीचा असतो.

मूत्राशय खाली घसरले, की मूत्रमार्गाला मुरड पडते. त्याचा आधार आधीच दुबळा असला, तरी या मुरडीमुळे गळती होत नाही. उलट लघवी अडखळते. काही स्त्रियांना बोटाने अंग वर सारून ती करावी लागते. शस्त्रक्रियेने मुरड सुटते आणि झाकलेला दोष उघडा पडतो.

अमेरिकेत ३३७ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गळतीची पूर्वतक्रार नसलेल्या स्त्रियांचा समावेश होता. केवळ अंग वर बसविलेल्या गटात तीन महिन्यांनी ४९.४ टक्के स्त्रियांना गळती होत होती किंवा तिच्यासाठी उपचार घ्यावे लागले होते. त्याच वेळी मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसविलेल्या गटात हे प्रमाण २३.६ टक्के होते. पण पट्टीच्या गटात ६.७ टक्के स्त्रियांच्या मूत्राशयाला शस्त्रक्रियेदरम्यान छिद्र पडले आणि मूत्रसंसर्गही अधिक आढळला. त्यामुळे सरसकट सर्वांना पट्टी बसविणे योग्य ठरत नाही. मूत्राशय भरलेले असताना अंग वर सारून खोकायला लावण्याची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच करून घ्यावी. गळतीचा संभव त्यातून बऱ्याच अंशी कळतो, खात्री मात्र मिळत नाही.

पहिल्या काही दिवसांतली अडचण बहुधा उलटी असते. सूज, वेदना आणि भुलीचा परिणाम यांमुळे लघवी तुंबते. तुडुंब भरलेल्या मूत्राशयातून थेंब थेंब झिरपणारी लघवी गळतीसारखीच दिसते. म्हणून गळतीचे औषध देण्याआधी लघवी करून झाल्यावर आत किती उरते, हे सोनोग्राफीने किंवा नळी घालून मोजणे आवश्यक असते. वारंवार घाई होत असल्यास प्रथम संसर्गाची तपासणी करतात. रात्रंदिवस अखंड गळती होत असेल, तर मूत्राशय किंवा मूत्रवाहिनी आणि योनी यांच्यामध्ये छिद्र पडल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी, तसेच ताप किंवा कुशीत वेदना असल्यास, विनाविलंब रुग्णालय गाठावे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये योनीमार्गे बसविण्याच्या जाळीची विक्री थांबविली, ती अंग बाहेर येण्यावरील उपचारापुरती. गळतीसाठीची पट्टी त्या आदेशात नव्हती. तरीही दोहोंची गल्लत अजून होते.

खोकताना होणारी गळती सौम्य असल्यास ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम प्रथम सुचविले जातात. ती टिकून राहिली, तर पट्टी नंतरही बसविता येते.