माळवदाची कुळकथा

कोकणातून आलेल्या पाहुण्यास सोलापूरकडच्या एखाद्या जुन्या गावात शिरताच, या घरांची छपरे गेली कोठे, असा प्रश्न पडावा, इतकी ती वरून सपाट दिसतात. उतरत्या कौलांची गरज ज्या मुसळधार पावसाने निर्माण केली, तो पाऊस आपले दान बहुतेक सह्याद्रीवरच रिते करून इकडे येतो आणि वर्षाकाठी सहाशे-सातशे मिलिमीटरांवर हात आखडता घेतो. उलट चैत्र-वैशाखात पारा 42 अंशांच्या पुढे जातो. अशा मुलखात घराने पाण्यापेक्षा उन्हाशीच अधिक झगडावे, हे ओघाने आले, आणि त्या झगड्यातून मातीचे जे जाड, सपाट आच्छादन सिद्ध झाले, त्यास आपण माळवद म्हणतो. कोणी धाबे म्हणतात.

त्याचा जन्म कोणत्याही सनदेत नोंदलेला नाही. कूळ शोधायचेच तर ते गावच्या पांढरीत शोधावे लागते. जुन्या महसुली दप्तरांत पिकाऊ जमिनीस काळी व वस्तीच्या जागेस पांढरी म्हणत. आणि पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पडत गेलेल्या भिंती, चुलींची राख व शेणामातीची सारवणे एकमेकांत मुरून झालेली करडी, पांढुरकी माती. काळी पावसात फुगते व उन्हात भेगाळते, म्हणून भिंतीस निरुपयोगी. पांढरीचे तसे नाही. त्यामुळे नव्या घराची भिंत पुष्कळदा पणजोबांच्या पडक्या घराच्या मातीतूनच उठे.

बांधणीचा क्रम ठरलेला असे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर किलच, म्हणजे फोडलेल्या लाकडाच्या अरुंद ढलप्या, दाट अंथरीत. त्यांवर वाळवीच्या भयाने लिंबाचा वा निरगुडीचा पाला, मग चिखल आणि सर्वांवर खारी माती. ही खारी मोठी गुणी वस्तू आहे. तिच्यातील क्षारांमुळे पहिल्याच सरीत तिचे सूक्ष्म कण सुटे होऊन बारीक छिद्रांत जाऊन बसतात व पाण्याची वाट बुजवतात, म्हणून पाणी खाली झिरपण्याऐवजी किंचित उताराने पन्हळीकडे निघून जाते. शिवाय तिच्यात गवत फारसे धरत नाही, की ज्याच्या मुळांनी गळती लागावी. उजेडासाठी मधोमध साणे, म्हणजे माळवदातले भोक, ठेवीत. माजघरास खिडकी नसली तरी दुपारी त्या साण्यातून उतरलेला कवडसा भुईवरून सरकत कोठीच्या उंबऱ्यापर्यंत जाई, आणि आभाळ भरून आले की घरातले एखादे पोर धावत वर जाऊन त्यावर पाटी उपडी घालून येई.

घराचा हिशेब फुटांत नव्हे, खणांत होई. दोन तुळयांमधले अंतर तो खण. चांगल्या बांधणीत वरचा भार खांबांनी वाहायचा आणि भिंतीने नुसता आडोसा धरायचा, अशी विभागणी असे. या बांधणीस पर्याय नंतर आला: 1860 मध्ये आगगाडी सोलापुरास पोहोचली, 1877 मध्ये पहिली कापडगिरणी निघाली, आणि पुढे पेठांतून पत्रे दिसू लागले. पत्रा हलका व झटपट चढणारा खरा, परंतु वैशाखातल्या दुपारी त्याच्याखाली माणसाने कसे बसावे, याचा विचार पत्रा आणणाराने केला होता असे मला वाटत नाही.

माळवदाचा दोष मात्र त्याच्या सेवेतूनच उपजला. मृगापूर्वी गळती बुजवायची म्हणून खारीच्या नव्या पाट्या वर पडत, पण जुनी माती उतरवण्याची तसदी सहसा कोणी घेत नसे. त्यामुळे आजोबांच्या वेळचा वीतभर थर नातवाच्या काळी हातभर, क्वचित त्याहूनही जाड होई. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरील जुनी शेतकरी घरे या संदर्भात पाहण्याजोगी आहेत. आपल्याकडच्या पुष्कळ घरांप्रमाणे तेथेही दगडाच्या दुहेरी भिंतींत माती ठासलेली, तेथेही गुरे व माणसे एकाच आढ्याखाली. आर्नोल गावी तसे एक घर जतन करून ठेवले आहे. पण तेथले शाकारलेले गवत चुलीच्या धुराने काळवंडले की ते उतरवून शेतात खत म्हणून पसरीत व नवे घालीत, त्यामुळे छपराचे वजन पिढ्यान्‌पिढ्या साचत गेले नाही. आपल्याकडे वर गेलेली माती वरच राहिली.

ती खाली आली 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे. किल्लारीच्या त्या भूकंपात सोलापूरशेजारच्या लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत चिखलात रचलेल्या दगडी भिंती दुभंगल्या आणि वरच्या मातीसकट त्यांच्याखाली हजारो माणसे झोपेत गाडली गेली. पुढे पाहणीस गेलेल्या अभियंत्यांना असेही आढळले की, भिंती ढासळल्या तरी पुष्कळ घरांतला खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला होता. माळवदावरची माती पातळ करा, भिंतीचे दोन्ही पदर आरपार दगडांनी एकमेकांत गुंतवा, असा त्यांचा सल्ला होता. तो ऐकण्याच्या मनःस्थितीत लोक नव्हते, आणि त्यात त्यांना दोष देता येत नाही. पुष्कळांनी माळवदे उतरवली, सागवान विकले व स्लॅब ओतला. ज्यांची राहिली, त्यांच्यापैकी अनेकांकडे मृगापूर्वी खारीऐवजी आता ताडपत्री चढते, कारण खारी ओळखून आणणारे व ती योग्य उताराने पसरणारे हात गावात सहज मिळत नाहीत.