पावसाची वाट पाहणारं गवत

५ जुलै १९३७ रोजी कॅनडातल्या सास्कॅचवान प्रांतात, मिडेल आणि यलो ग्रास या दोन छोट्या गावांत तापमान ४५ अंश सेल्सिअसवर गेलं. कॅनडातला हा उच्चांक पुढे २०२१पर्यंत टिकला. यलो ग्रास म्हणजे पिवळं गवत. त्या वर्षी प्रांतात गव्हाचा उतारा एकरी सरासरी २.७ बुशेल, म्हणजे जेमतेम ७३ किलो पडला. त्यातून पुढच्या पेरणीचं बी बाजूला काढलं, तर घरात येणार काय आणि गुरांपुढे टाकणार काय?

या दुष्काळाची गोष्ट एरवी पावसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते: पाऊस आला नाही, माती उडाली, माणसं देशोधडीला लागली. हे खरंच आहे. पण पाऊस तिथे त्याआधीही वर्षानुवर्षं दडी मारत आला होता. मग १९३०च्या दशकात वेगळं काय होतं? वेगळी होती ती जमीन. त्या जमिनीवरचं गवत गेलं होतं.

रॉकी पर्वताच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत पसरलेलं हे माळरान. दक्षिण अल्बर्टा आणि दक्षिण सास्कॅचवानच्या कोरड्या पट्ट्यात वर्षाला साधारण ३०० ते ४०० मिलिमीटर पाऊस आणि बर्फ पडतो. गवताची भिस्त मुख्यतः मे-जूनच्या पावसावर. तो चुकला, तर नंतरच्या सरींनी नुकसान पुरतं भरून निघत नाही. पण इथलं मूळचं गवत या लहरीपणाला सरावलेलं आहे. वर वीतभर दिसणाऱ्या या गवताचा मोठा भाग मुळांच्या रूपानं जमिनीखाली असतो. ओल संपली की ते वाढ थांबवून पडून राहतं, पाऊस आला की पुन्हा फुटतं. उभ्या उभ्या वाळलं तरी त्यातला कस बराचसा टिकतो. म्हणून तर बायसनचे प्रचंड कळप या माळावर हिवाळा काढू शकत. गव्हाला असं थांबता येत नाही. त्याला ठरलेल्या आठवड्यांत पाणी हवं असतं.

१८५७ ते १८६० या काळात जॉन पॅलिसर यानं ब्रिटिश सरकारसाठी या प्रदेशाची पाहणी केली. दक्षिणेकडचा एक मोठा त्रिकोण शेतीला योग्य नाही, असं त्यानं नोंदवलं. पुढे वीसेक वर्षांनी जॉन मॅकून हा वनस्पतिशास्त्रज्ञ त्याच भागात फिरला आणि ही जमीन उत्तम पिकेल असं सांगू लागला. पॅलिसरला कोरडी वर्षं भेटली होती, मॅकूनला ओली. दोघांनी पाहिलं ते आपापल्या जागी खरं होतं. पण सत्तेला आणि रेल्वे कंपनीला मॅकूनचं खरं सोयीचं वाटलं. १८८१मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेनं आपला मार्ग दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातून न्यायचं ठरवलं.

तोवर माळ रिकामा झालेला होता. १८७०च्या दशकात मूळ रहिवाशांशी करार करून त्यांना राखीव जागांकडे वळवण्यात आलं आणि त्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या बाजूचे बायसन जवळजवळ संपले. त्या जागी आधी आली गुरं. १८८१पासून सरकार एकरी वर्षाला १ सेंट दरानं, २१ वर्षांच्या मुदतीनं, १ लाख एकरांपर्यंत चराईपट्टे देऊ लागलं. या पद्धतीत गवत निदान जागेवर राहिलं. मग १९०६-०७चा भयंकर हिवाळा आला. बर्फाच्या कवचाखाली चारा अडकला आणि हजारो जनावरं मेली. पाठोपाठ नांगर आला.

१८७२च्या कायद्यानुसार १० डॉलर शुल्क भरून १६० एकर जमीन मिळत असे. अट अशी की, तिथे घर बांधून राहायचं आणि ठरलेल्या मुदतीत ठरलेली जमीन मोडायची. म्हणजे माळ होता तसा राखला तर मालकी नाही, उपटला तर मालकी. शिवाय १६० एकर हा आकडा ओलसर प्रदेशातल्या शेतीच्या हिशेबातला होता. या माळावर एका गायीला वर्षभर पोसायला कित्येक एकर गवत लागतं, तिथे १६० एकरांत गुरं किती पाळणार? गहू पेरण्याशिवाय शेतकऱ्याला वाट उरली नाही.

१९१५ला विक्रमी पीक आलं आणि सगळ्यांना मॅकून खरा वाटला. १९१७पासून आग्नेय अल्बर्टा कोरडा पडू लागला. १९२१मध्ये मेडिसिन हॅट भागातल्या शेतकऱ्यांच्या संघटनेनं चार्ल्स हॅटफिल्ड या अमेरिकी 'पाऊस पाडणाऱ्या'शी करार केला: इंचाला २,००० डॉलर, जास्तीत जास्त ८,००० डॉलर. आज याला हसणं सोपं आहे. पण कर्ज काढून पेरलेला माणूस आभाळाकडे बघत बसतो, तेव्हा त्याच्यापुढे कोणते शहाणे पर्याय ठेवलेले असतात?

ओल साठावी म्हणून शेतकरी एक वर्षाआड जमीन पड ठेवत आणि तण उगवू नये म्हणून ती पुन्हा पुन्हा उकरत. भुसभुशीत, उघडी माती तशीच राही. १९३०च्या दशकात पाऊस थांबला, वारा थांबला नाही. कुंपणांशी मातीचे ढीग साचले. रशियन थिसल नावाचं काटेरी तण कोवळं असताना कापून गुरांना घातलं गेलं. पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून मोटारींना घोडे जुंपले गेले आणि पंतप्रधानांच्या नावावरून त्या गाड्यांना 'बेनेट बग्गी' म्हणू लागले.

त्याच बेनेट यांच्या सरकारनं १९३५मध्ये प्रेअरी शेती पुनर्वसनाचा कायदा केला. शेततळी खोदली गेली, वाऱ्याला आडवी झाडं लावली गेली, धसकटं तशीच ठेवून नांगरायच्या पद्धती पसरल्या. पण सगळ्यात मोठा बदल होता तो सामाईक कुरणांचा. ओस पडलेली शेतं सरकारनं ताब्यात घेतली, कुंपण घातलं आणि परदेशातून आणलेलं चिवट 'क्रेस्टेड व्हीटग्रास' पेरलं. शेतकरी शुल्क भरून तिथे गुरं सोडत. वळूही सरकारचेच असत. नेमलेला व्यवस्थापक किती जनावरं घ्यायची आणि कुरण कधी मोकळं करायचं, हे गवत बघून ठरवे. निम्मं चारायचं, निम्मं उभं ठेवायचं, हा माळावरचा जुना नियम. उभं राहिलेलं गवत बर्फ धरून ठेवतं, मातीला सावली देतं. ते पुढच्या वर्षाच्या पावसासाठी ठेवलेलं भांडवल असतं.

या शहाणपणाची किंमत मात्र सगळ्यांनी सारखी मोजली नाही. मॅनिटोबात सेंट मॅडलिन नावाची वस्ती होती. तिथले लोक मेटी, म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय व्यापारी यांच्या संबंधांतून घडलेल्या समाजातले. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्यांची जागा कुरणासाठी घेतली गेली. कर थकलेला असेल तर बदली जमीन नाही, असा नियम होता आणि बहुतेकांचा कर थकलेला होता. घरं जाळली गेली, कुत्री गोळ्या घालून मारली गेली. उरली ती दफनभूमी.

२०१२मध्ये केंद्र सरकारनं या कुरणांतून अंग काढून घ्यायचं ठरवलं. ऐंशीहून अधिक कुरणं, सुमारे २० लाख एकर जमीन, २०१८पर्यंत टप्प्याटप्प्यानं केंद्राच्या हातून गेली. काही ठिकाणी शेतकऱ्यांच्या संघटना ती नेटानं चालवत आहेत. पण दुष्काळी वर्षी निम्मं गवत राखायचं, तर कुणाला तरी आपल्या गायी विकाव्या लागतात. सरकारी व्यवस्थापक 'यंदा इतकीच जनावरं' म्हणू शकत असे, कारण बँकेचा हप्ता त्याच्या डोक्यावर नव्हता. २०२१च्या दुष्काळात चारा संपला, गवताचे भाव चढले आणि अनेकांनी वर्षानुवर्षं जोपासलेले कळप कमी केले.

गवताला पावसाची वाट पाहता येते ती खाली मुळं राखलेली असतात म्हणून. माणसालाही तशीच राखीव शिल्लक लागते. ती कुणी धरायची, हा प्रश्न १९३५मध्ये एकदा सोडवला गेला होता, अर्धवट आणि काहींवर अन्याय करून. आता तो पुन्हा एकेकट्या शेतकऱ्याच्या दारात येऊन उभा आहे.