हवाई अंतर व प्रवासकाल (हिर्डोशी परिसर)

हवाई अंतर म्हणजे दोन ठिकाणांमधील सरळ रेषेतील, म्हणजे पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरील लघुतम अंतर. पुणे–दिल्ली हे अंतर सुमारे १,१५० किमी असून विमान ते दोन-सव्वादोन तासांत कापते. तेथे अंतरावरून वेळेचा अंदाज बांधता येतो. सह्याद्रीच्या कड्यावर मात्र हा हिशेब कोलमडतो. भोर व महाड यांतील हवाई अंतर सुमारे ४५ किमी. पण हिर्डोशी गावावरून वरंध घाटाने जाणारा रस्ता जवळपास ८० किमी भरतो. नीरा-देवघर जलाशयाच्या काठाकाठाने तो ओढ्यागणिक आत वळतो, मग घाटमाथ्यावरून कोकणात उतरतो. पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद होतो आणि ताम्हिणी किंवा आंबेनळी घाटाचा वळसा पडतो. रस्ते बदलतात, हवाई अंतर बदलत नाही, म्हणून तेच प्रमाण मानावे, असा आक्षेप अंतर वेळेत सांगण्यावर घेतला जातो. नकाशासाठी तो रास्त आहे. पण रुग्णवाहिकेला किंवा एसटीला हवाई अंतराचा काडीचा उपयोग नाही. घाटात बोगदा झाला तर रस्त्याचे अंतर घटेल हेही खरे, परंतु तोवर या भागात अंतर किलोमीटरपेक्षा तासांत, तेही ऋतू पाहून सांगणेच योग्य. पावसाळ्यात निघण्यापूर्वी घाट चालू असल्याची खात्री करावी.