ठाण्यातले बिबटे कसे मोजतात?

‘आमच्या सोसायटीजवळ बिबट्या!’ ठाण्यात असा व्हिडिओ काही मिनिटांत शेकडो मोबाईलवर पोहोचतो. मागणी ठरलेली असते : पकडा आणि लांब सोडा. पण बिबटे आहेत तरी किती?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. ठाण्याचे येऊर त्याचाच भाग.

मोजणी कशी होते?
जंगलातल्या पायवाटांवर समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. प्राणी समोरून गेला की फोटो आपोआप निघतो. आपल्या बोटांच्या ठशांसारखे प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात. डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपकेही सारखे नसतात, म्हणून कॅमेरे दोन. फोटो जुळवून तोच बिबट्या पुन्हा आला की नवा आहे हे कळते. २०१५ मध्ये उद्यान व परिसरात ३५, तर २०१८ मध्ये ४७ बिबटे नोंदवले गेले. २०२१ पासून काही बिबट्यांना रेडिओ कॉलर लावून त्यांचा वावरही तपासला गेला.

ते शहरात का येतात?
चितळ, सांबराबरोबर भटके कुत्रेही बिबट्याचे खाद्य आहे. जंगलाच्या कडेला कचरा साचला की कुत्रे वाढतात आणि त्यांच्यामागे बिबट्या येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला एका इमारतीत बिबट्या शिरला होता. कल्याणमध्ये माणसे जखमीही झाली. दोन्ही वेळा वन विभागाने बिबट्याला पकडले.

मग सगळेच पकडून दूर का सोडत नाहीत?
हा उपाय जुन्नर भागात झाला होता. अभ्यासात दिसले, की जिथे बिबटे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. शिवाय एकाची जागा रिकामी झाली की दुसरा येतो. बिबट्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सर्वोच्च संरक्षण आहे.

बिबट्या दिसला तर?
- गर्दी करू नका, पाठलाग करू नका. कोंडीत सापडलेला बिबट्याच जास्त धोकादायक.
- त्याला निघून जायला वाट द्या. पळू नका, मुलांना जवळ घ्या.
- वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.
- व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी ठिकाण आणि तारीख तपासा. जुन्या क्लिपमागे धावणारे पथक खऱ्या ठिकाणी उशिरा पोहोचते.