परमुलुखांतील चूल



परदेशीं निघालेल्या माणसास आपण सहसा एकच उपदेश करितों : जेथें जाल तेथील रीत पाळा. उपदेश योग्य आहे, पण अर्धा आहे. पाहुण्यानें यजमानाची रीत ओळखावी आणि यजमानानें पाहुण्याची अडचण जाणावी, तेव्हां शिष्टाचार पुरा होतो. आपल्याच इतिहासांतील एका प्रवासावरून हें चांगलें कळतें.

कऱ्हेच्या कांठीं, बारामतीस, नाईकांच्या आश्रयानें मोरोपंत काव्यरचना करीत होते, तो हा काळ. या नाईक जोशी घराण्यांत थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई दिलेली होती. ती राघोबादादांची आत्या. पेशवाईच्या लोभानें याच दादांनीं १७७५ सालीं सुरतेस इंग्रजांशीं तह केला. पुढें आपली बाजू मांडण्यासाठीं त्यांनीं हनुमंतराव नांवाचा ब्राह्मण आणि मणियार पारशी व त्याचा मुलगा यांस विलायतेस धाडलें. १७८१ सालीं ही मंडळी लंडनांत होती.

तेथें हनुमंतरावांची मोठी पंचाईत झाली. परक्या हातचें अन्न चालावयाचें नाहीं. स्नान, सोवळें व स्वतंत्र चूल यांवांचून जेवण नाहीं. पार्लमेंटचा प्रसिद्ध सभासद एडमंड बर्क यास ही अडचण कळली. त्यानें या मंडळींस बीकन्सफील्ड येथील आपल्या घरीं नेलें आणि थंडीपासून रोपें जपण्यासाठीं बांधलेलें बागेंतील घर त्यांस मोकळें करून दिलें. तेथें हनुमंतरावांस आपल्या रीतीनें स्वयंपाक करितां आला. बर्कनें पाहुण्यास आपल्या पंक्तीस ओढलें नाहीं, आणि पाहुण्यानें अन्नाची मर्यादा राखूनही यजमानाचा स्नेह स्वीकारला. दोघांचीही शोभा राहिली.

राजकारण मात्र फसलें. १७८२ च्या सालबाईच्या तहानें इंग्रजांनीं दादांचा पक्ष सोडला. वकिलांची खरी कसोटी तर घरीं परतल्यावर लागली. परमुलुखांत प्रवास केल्याबद्दल प्रायश्चित्त म्हणून त्यांस सोन्याच्या गर्भद्वारांतून बाहेर येऊन नवा जन्म घेतल्याचा विधि करावा लागला, असें फ्रान्सिस विल्फर्ड या तत्कालीन पंडितानें लिहून ठेवलें आहे. परक्यांनीं ज्यांची रीत सांभाळली, त्यांस स्वकीयांनीं पुन्हां जन्मावयास लावलें!

आज समुद्रबंदी उरली नाहीं. बारामती-इंदापुराकडील मुलें-मुली शिक्षणासाठीं सातां समुद्रांपार जातात. त्यांनीं तेथील रीत आधीं विचारून घ्यावी : वडील माणसांस काय म्हणून हांक मारावी, जेवावयास बोलाविलें तर केव्हां जावें, जोडे कोठें काढावे. आणि आपणांस काय चालत नाहीं, तें पान वाढण्यापूर्वींच नम्रपणें सांगावें. वाढल्यावर सांगितलें तर यजमान खजील होतो.

आपल्या दारीं परदेशचा पाहुणा आला, तर आग्रह आपल्या स्वभावांतच आहे. तो जरूर करावा, पण पुरणपोळी वाढण्यापूर्वीं "आपणांस काय चालतें?" एवढें अगोदर पुसावें.