सातवी आज्ञा आणि आपले रोजचे काम

रविवारी आपण पवित्र मिस्साबलिदानात सहभागी होतो आणि सोमवारी आपापल्या शेतात, दुकानात, कार्यालयात वा कारखान्यात जातो. या दोन दिवसांमध्ये नकळत भिंत उभी राहते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात (परिच्छेद ४३) श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांच्यातील फारकत ही आपल्या काळातील गंभीर चुकांपैकी एक मानली आहे. त्या अनुषंगाने चोरीस मनाई करणाऱ्या सातव्या आज्ञेचा अर्थ आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

आज्ञेची व्याप्ती

चोरी म्हटली की घरफोडी किंवा पाकीटमारी डोळ्यांसमोर येते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ मात्र ही आज्ञा पुष्कळ व्यापक असल्याचे सांगतो. उसनी घेतलेली वस्तू जाणूनबुजून ठेवून घेणे, व्यापारात फसवणूक करणे, अन्याय्य मजुरी देणे, काम निकृष्ट करणे, कर चुकविणे, खोटी बिले व धनादेश तयार करणे, उधळपट्टी करणे या साऱ्यांची नोंद परिच्छेद २४०९ मध्ये आहे. म्हणजे कामाच्या वेळेत काम टाळणारा कर्मचारी आणि कामगाराची मजुरी दाबणारा मालक या दोघांनाही ही आज्ञा लागू होते.

वजन आणि माप

अनुवादाच्या २५व्या अध्यायात एकाच थैलीत लहान व मोठी अशी दोन वजने बाळगण्यास बंदी आहे. घेताना एक माप आणि देताना दुसरे, ही लबाडी तेव्हाही होती आणि आजही आहे. दुधात पाणी मिसळणे, किंवा पालेभाजीची जुडी बाहेरून ताजी दिसेल अशी बांधून आत पिवळी पाने दडविणे, हीसुद्धा दोन वजनेच होत. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडण्यास सांगितले नाही. ठरलेल्यापेक्षा अधिक वसूल न करण्यास सांगितले (लूक ३). आपले काम हेच आपले साक्ष देण्याचे ठिकाण आहे.

मजुरी

मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्यास्तापूर्वी द्यावी, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा पुरस्कार केला. धर्मशिक्षण ग्रंथाच्या परिच्छेद २४३४ नुसार, केवळ दोन्ही पक्ष कबूल झाले म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. घरकामास येणाऱ्या बाईने गरजेपोटी कमी पगार मान्य केला, तरी आपली जबाबदारी संपत नाही.

लाच

लाच दिल्याशिवाय काम होत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यानुसार लाच देणे हाही गुन्हा आहे. मात्र ज्याला लाच देण्यास भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलीस वा तपास यंत्रणेस कळविल्यास त्याला संरक्षण मिळते. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा दूरध्वनी क्रमांक यासाठी आहे. प्रामाणिक माणसाचे काम रखडते, त्याचे नुकसान होते, हे आम्ही नाकारीत नाही. म्हणूनच अशा बांधवाच्या पाठीशी धर्मग्रामाने उभे राहणे अगत्याचे आहे.

परतफेड

येथे बहुतेकांची पावले अडखळतात. पापनिवेदनाने पापाची क्षमा होते; परंतु ज्याचे नुकसान झाले त्याचे नुकसान तसेच राहते. म्हणून चोरलेले परत करावे, झालेली हानी शक्य तितकी भरून काढावी, असे परिच्छेद १४५९ व २४१२ सांगतात. जक्कयाने हे ओळखले होते. मेंढरू चोरणाऱ्याने चार मेंढरे परत द्यावीत, हा निर्गमातील नियम त्याने स्वतःलाच लावून घेतला आणि फसविलेल्यांना चौपट परत देण्याचे वचन दिले (लूक १९). दाबून ठेवलेली मजुरी मजुराची आहे. ती चर्चच्या दानपेटीत टाकल्याने त्याचे देणे फिटत नाही. ज्याचे त्याला देणे शक्य नसेल, तर आपल्या धर्मगुरूंचा सल्ला घ्यावा.

आत्मपरीक्षणासाठी

• माझ्याकडे कोणाची उसनी वस्तू वा रक्कम राहिली आहे काय?
• मी कोणाची मजुरी रोखून धरली आहे काय?
• ज्या कामाचे मी पैसे घेतो, ते काम मी मनापासून करतो काय?
• माझ्यामुळे झालेले कोणाचे नुकसान अद्याप भरून द्यायचे आहे?

या प्रश्नांची उत्तरे देताना एखादे नाव आठवले, तर पुढच्या मिस्सापूर्वी त्या घरी जाऊन यावे. वेदीकडे जाण्याची वाट कधी कधी शेजाऱ्याच्या दारावरून जाते.