एका पाण्यातले शेजारी



घोडेगावच्या पलीकडे एका शाळेत माझे एक शिक्षकमित्र आहेत. गेल्या वर्षी त्यांनी मुलांसाठी माशांची काचपेटी आणली. दुकानात जो मासा डोळ्यांत भरला, तो घेतला. दोन गोल्डफिश, चार पट्टेवाले टायगर बार्ब, दोन एंजल आणि मुलींच्या आग्रहाखातर सहा निऑन टेट्रा. पंधरवड्यात निऑन नाहीसे झाले. गोल्डफिशच्या शेपट्या झिरमिळ्यांसारख्या फाटल्या. तिसऱ्या आठवड्यात पाणी दुधाळ झाले आणि पेटी रिकामी करून कपाटावर ठेवावी लागली. मुले हिरमुसली. मित्र मला म्हणाले, "तुम्ही इतिहासाचे प्राध्यापक. कोणाचं कोणाशी का पटत नाही, हे तुम्हीच सांगावं."

त्यांनी हे थट्टेने म्हटले होते. पण विचार करता करता ध्यानात आले, की एका पाण्यात कोण कोणाबरोबर नांदेल या प्रश्नाला खरोखरच इतिहास आहे, आणि त्यातला एक चांगला भाग आपल्या जुन्नर-आंबेगावच्या नद्यांशी जोडलेला आहे. तोच आज सांगतो.

आपल्याकडे 'मत्स्यन्याय' हा शब्द फार जुना. मोठ्या माशाने लहान माशाला गिळावे तसे बळी तो कान पिळी असे राज्य माजते, ते टाळण्यासाठी राजा हवा, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. उपमा खरी आहे, पण अर्धी. पाण्यात नुसता हाच न्याय असता तर डोहात शेवटी एकच मासा उरला असता. प्रत्यक्षात एकाच डोहात दहा-वीस जातींचे मासे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. हे कसे जमते, याकडे आपल्या लोकांचे लक्ष पूर्वीही होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात माशांवर एक प्रकरणच आहे. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते आणि कोण काय खातो, अशी प्रतवारी त्याने केली आहे. हेतू गळ टाकण्याच्या करमणुकीचा असला, तरी माशाचे घर आणि माशाचे खाणे पाहून त्याला ओळखावे, ही दृष्टी त्यात आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. 1824 साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री साईक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची पाहणी करण्यासाठी नेमले. जमीन, पिके, माणसे, पाऊस, पशुपक्षी, सगळ्यांची नोंद करण्याचे हे काम. नाणेघाटातली सातवाहनांची लेणी आणि त्यांतले शिलालेख 1828 मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आणून दिले ते याच साईक्सने. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांवरही त्याने लिहिले. इतिहासाचे शिक्षक त्याला यासाठी ओळखतात. पण याच माणसाने दख्खनच्या नद्यांतले मासेही जमवले, आणि 1838 ते 1841 या काळात त्यांची वर्णने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेतर्फे प्रसिद्ध झाली.

त्या वर्णनांत आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. साईक्सने पुष्कळ माशांना शास्त्रीय नावे देताना इथल्या लोकांच्या तोंडचे शब्दच उचलले. दगडाला चिकटून राहणाऱ्या मळ्याचे शास्त्रीय नाव आजही गारा मुल्या असे आहे. शिंगाळ्याचे नाव स्पेराटा सिंघाला. दख्खनच्या महासीराला त्याने खुद्री म्हटले, तो मासा त्याला पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेत मिळाला होता. मुसल्ला नावाचा मासा त्याने शिरूरजवळच्या घोड नदीतला म्हणून नोंदवला. ही घोड म्हणजे आपल्या आंबेगावच्या डोंगरात उगम पावणारी घोड, जिला पुढे मीना आणि कुकडी येऊन मिळतात. नदीकाठच्या कोणा अनाम भोयाने किंवा कोळ्याने सांगितलेला शब्द असा जगाच्या ग्रंथात जाऊन बसला.

हे मासे एका नदीत कसे राहत, ते पाहा. मळ्या वेगवान पाण्यात खडकाला धरून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडतो. शिंगाळा तळाशी, मिशांनी चाचपत हिंडतो आणि भक्ष्य मिळवतो. वाम दिवसा दगडाच्या फटीत दडते आणि रात्री बाहेर पडते. मरळ संथ पाण्यात, गवताच्या आडोशाला टपून असते. दांडवणीसारखे चिमुकले मासे थव्याने वरच्या थरात पळतात. जागा निराळी, वेळ निराळी, घास निराळा, म्हणून नांदणूक. एखाद्या जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडे राहावीत, कोणाची चूल माजघरात, कोणाची पडवीत, कोणी पहाटे उठणारा, कोणी रात्रपाळीचा, तसाच हा प्रकार. मरळ लहान माशाला खाते हे खरेच. पण नदीत लहान माशाला पळायला वाट आणि लपायला कपार असते. काचेच्या पेटीत ती नसते. माझ्या मित्राची पहिली चूक हीच. एंजल मासा दिसायला सोज्वळ, पण वाढला की निऑन त्याच्या तोंडात सहज मावतो, आणि जे तोंडात मावते ते माशाच्या लेखी अन्न असते.

काचपेटीची गोष्ट निराळ्या देशात सुरू झाली. चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून गोल्डफिश पाळत, पण हौदात आणि भांड्यात. बंद काचेत पाणी टिकवण्याचे कोडे लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने सोडवले. त्याने सुमारे बारा गॅलनच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती ठेवली. माशांनी सोडलेला वायू वनस्पतीने घ्यावा आणि वनस्पतीचा प्राणवायू माशांना मिळावा, असा बेत. काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने तिसरा सोबती आणला, तळ्यातल्या गोगलगाई. त्यांनी कुजकी पाने फस्त केली, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली. 1850 साली त्याने ही हकिकत लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडली. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. आपल्या मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले.

वॉरिंग्टनला न दिसलेला आणखी एक सोबती होता, तो म्हणजे सूक्ष्म जंतू. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही जंतू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही जंतू नायट्राइटचे कमी घातक असे नायट्रेट करतात. हे जंतू वाळूत आणि गाळणीत घर करतात, पण त्यांना महिना-दीड महिना लागतो. पहिल्याच दिवशी चौदा मासे सोडले, की त्यांच्या घाणीला पुरे पडतील इतके जंतूच नसतात. मित्राचे पाणी दुधाळ झाले त्याचे कारण हेच.

पाण्याचे थर वाटून देण्याची युक्ती आपल्या देशाने शेतीसाठीही वापरली. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. तोवर नदीतून गोळा कराव्या लागणाऱ्या बीजाला पर्याय निघाला. मग एकाच तळ्यात अनेक जाती वाढवण्याची मिश्र मत्स्यशेती रुजली. वरच्या थरात कटला आणि चंदेरी कार्प, मधल्या थरात रोहू, तळाशी मृगळ आणि सायप्रिनस, आणि पाणगवत खायला गवत्या कार्प. कोणीही कोणाच्या ताटात हात घालत नाही. ज्यांच्या शेततळ्यात मासे आहेत त्यांना हे हिशेब तोंडपाठ असतात. शाळेची काचपेटी म्हणजे त्याच शेततळ्याचे लहान रूप समजा.

तर मग सोबती कसे निवडावेत? पाच गोष्टी पाहाव्यात. पहिली, तोंड. मोठा झाल्यावर कोणाच्या तोंडात कोण मावेल, हे विकत घेतानाच विचारावे. दुसरी, स्वभाव. टायगर बार्ब लांब पंखांना चावे घेतो, त्याला गोल्डफिशच्या किंवा गप्पीच्या शेजारी ठेवू नये. दोन नर फायटर एका पेटीत तर कधीच नकोत. तिसरी, पाणी. आपल्या काळ्या खडकातल्या पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. गप्पी, मोली, प्लॅटी यांना ते मानवते. ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातल्या निऑनला ते सोसत नाही. गोल्डफिशला थंडावा लागतो, एंजलला ऊब, म्हणून ती जोडी मुळातच चुकीची. चौथी, थर. वर, मध्ये आणि तळाशी राहणारे मासे निवडले, की गर्दी होत नाही. पाचवी, संख्या. थव्याने राहणारा मासा एकटा ठेवला तर भेदरतो. त्याला किमान सहा जणांची सोबत द्यावी.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत साधारण पन्नास लिटर पाणी मावते. तिच्यात सहा झेब्रा डॅनिओ आणि चार-पाच प्लॅटी सुखाने राहतील. झेब्रा डॅनिओ आपल्याच देशाच्या पूर्व भागातला. प्लॅटीत एका नरामागे दोन माद्या ठेवाव्यात. वनस्पती आणि दोन गोगलगाई आधी, मग दोन-तीन मासे, आणि पुढचे पंधरा-पंधरा दिवसांनी. नळाचे पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. खाणे दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच.

इथे थांबता आले असते. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. पेटीचा कंटाळा आला, की मासे नदीत, विहिरीत किंवा धरणात सोडून देण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. सोडणाऱ्याला ते पुण्यच वाटते. नद्यांचा इतिहास मात्र निराळे सांगतो.

आफ्रिकेतला तिलापिया 1952 साली अन्नासाठी भारतात आणला गेला. आपण त्याला चिलापी म्हणतो. याची मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे त्याची वीण टिकते, आणि जागेसाठी तो इतरांना हुसकावतो. आज भीमेच्या खोऱ्यात तो घरचाच झाला आहे. आफ्रिकन मांगूर इतका खादाड निघाला, की 2000 साली केंद्र सरकारने त्याच्या पालनावर बंदी घातली. काचपेटी स्वच्छ ठेवायला लोक आणतात तो सकर मासाही भारतातल्या अनेक नद्यांत पसरला आहे.

आणि परदेशी माशालाच दोष द्यावा असेही नाही. पुण्याजवळ ज्याला नाव मिळाले तो खुद्री महासीर घ्या. तो कमी होतो आहे म्हणून लोणावळ्याला 1970 नंतर त्याचे कृत्रिम प्रजनन सुरू झाले. काम मोठ्या निष्ठेने झाले. तिथली बोटुकली दूरच्या कावेरीतही सोडण्यात आली. कावेरीत मात्र कुबडाचा महासीर म्हणून तिथला स्वतःचा, फार मोठा होणारा मासा होता. खुद्री तिथे फोफावला आणि कुबडाचा मासा मागे हटत गेला, असे अभ्यासकांना आढळले. 2018 मध्ये या माशाची नोंद अत्यंत संकटग्रस्त म्हणून झाली. आपला गुणी मासा परक्या घरी असा भारी पडला. हेतू चांगला होता, सोबत चुकली.

आपल्या भागात पाण्याचे रूपही बदलले आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी वाहत्या पाण्याचे जलाशय केले. जुने आंबेगाव गाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्या आदिवासी कुटुंबांनी सहकारी संस्था करून त्याच पाण्यात मासेमारी उभी केली. तिथे जलाशयात जाळ्यांचे पिंजरे बांधून बोटुकली आधी मोठी करतात, मग मोकळी सोडतात. उद्देश हाच, की ती मोठ्या माशांच्या तोंडात मावू नयेत. मघाचा पहिला नियम इथे पोटापाण्याचा नियम झाला आहे. या पाण्यात शाळेतल्या पेटीतला नको असलेला मासा पडला, तर त्याची झळ कोणाला लागेल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढेच सांगणे. पेटी जरूर ठेवा. मुलांना आधी नदीवर न्या, कोण वर पोहतो, कोण तळाशी राहतो, ते पाहू द्या, गावातल्या जुन्या माणसांकडून माशांची नावे वहीत उतरवून घेऊ द्या. साईक्सने तेच केले होते. मग सोबती निवडा. आणि पेटी नको झाली तर मासे दुसऱ्या शाळेला द्या, दुकानदाराला परत करा, पण नदीत सोडू नका.

माझ्या मित्राने कपाटावरची पेटी पुन्हा खाली काढली आहे. या वेळी महिनाभर तिच्यात नुसत्या वनस्पती आणि दोन गोगलगाई होत्या. मुले रोज विचारीत, "गुरुजी, मासे कधी?" गुरुजी म्हणत, "आधी घर तर तयार होऊ द्या." गेल्या महिन्यात पहिले तीन डॅनिओ आले. ते अजून तिन्ही आहेत.